ऑइल बदलायला गेलो आणि चेंबर उतरवून आलो

ज्यांनी हा भाग ऐकला नाही त्यांच्यासाठी, आणि ज्यांनी ऐकून "ते वाशरचं जरा लिहून टाका" असा निरोप धाडला त्यांच्यासाठी, हे लेखी रूप. बोलताना मी बराच भरकटलो होतो. ते थोडं कमी केलंय, सगळं नाही.

तर, तेलगाव. धारूर तालुका, बीड जिल्हा. माजलगावहून धारूरकडे जाणारा रस्ता आणि बीडहून परळीकडे जाणारा रस्ता जिथं एकमेकांना छेदतात, ते हे गाव. साखर कारखान्यामुळे लोकांना माहीत असतं. नावातच तेल असल्यामुळे, "तेलगावात ऑइल बदलायला काय अडचण?" हा विनोद मी त्या दोन दिवसांत निदान पाच जणांकडून ऐकला. पाचव्याला हसलो नाही.

गाडी आहे मारुती ८००. २००७ सालची, एमएच २३. ही गाडी डिसेंबर १९८३ मध्ये पहिल्यांदा रस्त्यावर आली आणि जानेवारी २०१४ मध्ये तिचं उत्पादन थांबलं, म्हणजे माझी अगदीच म्हातारी नाही, पण तरुणही नाही. ७९६ सीसी, तीन सिलिंडर. पंधरा वर्षं झाल्यावर आरसी नव्यानं करून घेतली. १ एप्रिल २०२२ पासून त्या नूतनीकरणाची फी कारसाठी ५,००० रुपये झाली होती, ती भरली, वर पर्यावरण कर भरला. घरात चर्चा झाली होती की एवढे पैसे या डब्यावर घालायचे का. मी म्हणालो होतो, इंजिन ठणठणीत आहे, वर्षातून एकदा ऑइल बदललं की झालं. हे वाक्य लक्षात ठेवा.

जानेवारीतली गोष्ट. धारूरचा घाट चढत होतो. गळीत हंगाम असल्यामुळे पुढं उसाचा ट्रॅक्टर, दोन ट्रॉल्या, आणि मी मागं पहिल्या गिअरमध्ये. एका चढाच्या वळणावर डॅशबोर्डवरचा लाल दिवा, तेलाच्या किटलीचं चित्र असलेला, एकदा लुकलुकला आणि गेला. वर सपाटीला आल्यावर परत दिसला नाही. मी मनाला समजावलं, ऑइल जुनं झालंय, बदलायला आलंय.

इथं थांबून एक गोष्ट सांगतो, कारण आपल्यातले निम्मे लोक या दिव्याचा अर्थ चुकीचा लावतात. मीही लावत होतो. पेट्रोलचा काटा जसा टाकीत किती आहे ते सांगतो, तसा हा दिवा "ऑइल कमी झालंय, सवडीनं टाका" असं सांगत नाही. तो ऑइलचा दाब गेला म्हणून लागतो. इंजिनाच्या तळाशी जे पत्र्याचं भांडं असतं, ज्याला आपले मिस्त्री चेंबर म्हणतात, त्यात ऑइल साठतं. तिथून एक पंप जाळीतून ऑइल ओढतो आणि क्रँकच्या बेअरिंगपर्यंत दाबानं पोचवतो. बेअरिंग आणि क्रँक यांच्यामध्ये ऑइलचा जो पातळसा थर असतो, त्याच्यावर सगळं फिरत असतं. लोखंडाला लोखंड लागत नाही ते या थरामुळं. दाब गेला की थर गेला, आणि मग इंजिन धरायला फार वेळ लागत नाही. चढावर गाडीचं नाक वर होतं, ऑइल एका बाजूला सरकतं, आणि पातळी आधीच खाली गेली असेल तर जाळी क्षणभर उघडी पडून पंप हवा ओढतो. माझा दिवा लुकलुकला तो म्हणून. म्हणजे तो दिवा "ऑइल जुनं झालंय" असं म्हणत नव्हता. "ऑइल कुठंतरी जातंय" असं म्हणत होता. असा दिवा लागला तर गाडी बाजूला घ्या, इंजिन बंद करा, पट्टी ओढून पातळी बघा. घाटात मागचे हॉर्न वाजवोत.

मी घरी आल्यावर पट्टी ओढली. खालच्या खुणेच्याही खाली. सहा महिन्यांपूर्वी बघितली होती तेव्हा ठीक होती. सहा महिने पट्टी न बघणं हा काही मिस्त्रीचा दोष नाही.

आता घाई का होती ते सांगतो. आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन सोमवारी अंबाजोगाईला, स्वारातीत ठरलं होतं. सकाळी लवकर पोचायचं होतं. परत तोच घाट. म्हणून शनिवारी दुपारी गाडी घेऊन रस्त्याकडेच्या एका गॅरेजवर गेलो. नाव सांगत नाही, कारण पुढं जे झालं त्यात त्याचा दोष किती यावरच हा सगळा भाग आहे. हंगामात इथल्या गॅरेजवर कारला कुणी विचारत नाही. ट्रॅक्टरचा क्लच, ट्रॉलीचं बेअरिंग, हे आधी. उसाची ट्रॉली उभी राहिली तर टोळीची मजुरी बुडते, त्यामुळे ते बरोबरच आहे. मी तीन वाजेपर्यंत बाकड्यावर बसलो.

मिस्त्री गाडीखाली गेला. दोन मिनिटांनी खालूनच आवाज आला, "भाऊ, इकडं या बरं."

ड्रेन बोल्टचं डोकं गोल झालेलं. पाना धरत नव्हता. त्यानं एक साईज लहान पाना हातोडीनं ठोकून बसवला, जोर लावला, बोल्ट सुटला. पण सुटताना जो आवाज आला तो बरोबर नव्हता. कर्रर्र असा. ऑइल टबात पडलं, आणि त्यानं बोल्ट माझ्यापुढं धरला. बोल्टाला पातळ तारेची वेटोळी लटकत होती, पेन्सिल तासल्यावर निघतात तशी. आटे होते ते. चेंबरला वेल्ड केलेल्या नटाचे आटे बोल्टाबरोबर बाहेर आले होते.

"तुम्ही घालवले," मी म्हणालो.

"गेलेलेच व्हते," तो म्हणाला.

ही दोन वाक्यं महाराष्ट्रातल्या प्रत्येक गॅरेजवर रोज बोलली जात असणार. म्हणून जरा खोलात जाऊ, की आटे जातात कसे.

बहुतेकांना वाटतं की बोल्ट जितका घट्ट तितकं ऑइल गळणार नाही. गळती आट्यांनी थांबत नाही, वाशरनं थांबते. बोल्टाच्या डोक्याखाली तांब्याचा किंवा ॲल्युमिनियमचा एक वाशर असतो. तो मऊ असतो, मुद्दाम. बोल्ट आवळला की तो थोडा चेपतो आणि पत्र्यावरच्या बारीक खाचाखोचांत भरतो. एकदा चेपलेला वाशर कडक होतो. तोच परत लावला तर दुसऱ्यांदा तेवढा चेपत नाही, आणि ऑइल पाझरायला लागतं. तांब्याचा असेल तर तापवून लाल करून पाण्यात टाकला की परत मऊ होतो, जुने मिस्त्री हे करायचे, पण दहा-वीस रुपयांच्या वस्तूसाठी आता गॅस पेटवणार कोण. मग काय करतात? जुनाच वाशर लावतात आणि बोल्ट अजून थोडा आवळतात. पाझर थांबतो. पुढच्या वर्षी परत जुना वाशर, अजून थोडं आवळणं. दर वर्षी थोडं.

बोल्ट ही खरं तर एक ताठ स्प्रिंग आहे. आवळला की तो अगदी किंचित ताणला जातो आणि त्या ताणानं दोन भाग धरून ठेवतो. मर्यादेत ताणला तर परत जागेवर येतो. मर्यादा ओलांडली की आट्यांची मुळं झुकतात, आणि झुकलेली मुळं परत सरळ होत नाहीत. छोट्या गाड्यांच्या ड्रेन बोल्टाला साधारण ३० ते ४० न्यूटन-मीटर एवढा पीळ पुरतो. हे ऐकून काही कळत नाही ना? मलाही कळलं नव्हतं. मग हिशेब केला. पाना जर २५ सेंटीमीटर लांब असेल, तर त्याच्या टोकाला साधारण १४ किलोचा जोर दिला की ३५ न्यूटन-मीटर होतात. चौदा किलो. भरली कळशी उचलायला लागतो तेवढा. आता त्याच पान्याला दोन फुटी पाइप घातला आणि माणसानं ४० किलोचा जोर दिला, तर आकडा २४० च्या आसपास जातो. सात पट. पाइप घालणाऱ्याला तो जोर जाणवतही नाही, पाइपाचा फायदा तोच तर असतो.

शिवाय दुसरा एक घोळ. बऱ्याच छोट्या गाड्यांचा ड्रेन बोल्ट १४ मिलिमीटर जाडीचा आणि दीड मिलिमीटर पीचचा असतो, म्हणजे एका आट्यापासून पुढच्या आट्यापर्यंत दीड मिलिमीटर. स्पार्क प्लगचे आटेही खूप गाड्यांत १४ मिलिमीटरचेच, पण पीच सव्वा. डोळ्याला दोन्ही सारखेच दिसतात. डब्यातला "बसतोय" म्हणून उचललेला चुकीचा बोल्ट दोन फेरे हातानं जातो, तिसऱ्याला अडतो, आणि अडला की पाना येतो. त्या तिसऱ्या फेऱ्यात बोल्ट नटाचे आटे कापत आत जातो. जोसेफ व्हिटवर्थ नावाच्या इंग्रज इंजिनिअरनं १८४१ मध्ये पहिल्यांदा सगळ्यांसाठी एकसारखे आटे सुचवले, त्याआधी प्रत्येक कारखान्याचे आटे वेगळे. आपल्या गॅरेजमधला बोल्टांचा डबा अजून १८४१ च्या आधीच आहे. यावर उपाय एकच, आणि फुकट आहे: पहिले तीन-चार फेरे फक्त बोटांनी. बोटांनी जात नसेल तर तो बोल्ट तिथला नाही, किंवा तिरका लागलाय.

आता परत गॅरेजवर. मिस्त्रीनं बोल्ट रॉकेलमध्ये धुतला आणि न बोलता माझ्या हातात दिला. डोक्याखाली दोन वाशर होते, एकावर एक. त्यांच्यामध्ये लाल सिलिकॉन. आणि आट्यांवर सूत गुंडाळलेलं. साधं पांढरं सूत, नळाला लावतात तसं.

"आता हे कोणाचं काम, सांगा."

सिलिकॉन कुणाचं ते मला आजही माहीत नाही. या गाडीचं ऑइल सतरा वर्षांत माजलगावला बदललंय, बीडला बदललंय, एकदा पुण्याहून येताना वाटेत बदललंय. प्रत्येकानं थोडं आवळलं असणार. पण सूत माझं होतं. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये गॅरेज बंद होती, मी व्हिडिओ बघून घरीच ऑइल बदललं होतं. थेंब थेंब गळत होतं म्हणून सूत गुंडाळलं, आणि पान्याला बोअरच्या जीआय पाइपाचा तुकडा घालून आवळलं. तेव्हा मला स्वतःचा फार अभिमान वाटला होता. घरच्यांना बोलावून दाखवलं होतं.

हे मी तेव्हा लगेच बोललो नाही. चहा आला, तेव्हा सांगितलं. मिस्त्री हसला नाही, हे त्याचं मोठेपण.

मग प्रश्न आला की आता करायचं काय. आटे गेल्यावर चार-पाच रस्ते असतात, आणि स्वस्त रस्ता आधी सुचवला जातो, म्हणून ते माहीत असलेले बरे. फक्त सुरुवातीचे आटे दुमडले असतील तर टॅप फिरवून साफ करता येतात, तेवढ्यावर भागतं. त्यापेक्षा जास्त गेले असतील तर ओव्हरसाईज बोल्ट मिळतो, तो स्वतःचे आटे स्वतः कापत जातो. चालतो, पण कापताना निघालेला लोखंडाचा चुरा चेंबरमध्ये पडतो, आणि तो तिरका गेला तर आयुष्यभर गळतो. हा बोल्ट लावला तर ग्रीस लावून हळूहळू घालायचा म्हणजे चुरा ग्रीसला चिकटतो, आणि नंतर अर्धा लिटर ऑइल वरून ओतून खालून जाऊ द्यायचं. तिसरा रस्ता हेलीकॉइलचा, म्हणजे भोक मोठं करून त्यात तारेची नवी वेटोळी बसवायची, तिचेच आटे होतात. ॲल्युमिनियमच्या चेंबरला हा उत्तम. माझ्यासारख्या पत्र्याच्या चेंबरला मात्र मूळ नटच सैल झाला असेल तर तिथं काय बसवणार? शेवटचा रस्ता चेंबर उतरवण्याचा. एक तर लेथवाल्याकडून नवा नट वेल्ड करून घ्यायचा, नाही तर दुसरं चेंबर आणायचं.

टेफ्लॉन टेप, इपॉक्सीची लांबी, रबरी बूच, हे रस्ते मी मोजतच नाही. तेलकट पत्र्यावर लांबी धरत नाही, आणि इंजिन तापलं की जे धरल्यासारखं वाटतं तेही सोडतं. घाटात बोल्ट पडला तर तीन लिटर ऑइल रस्त्यावर यायला दोन-तीन मिनिटं पुरतात, आणि गाडी चालवणाऱ्याला ते दिवा लागेपर्यंत कळत नाही. माझ्या बाजूच्या बाकड्यावरच्या एका सद्गृहस्थांनी मला बूच सुचवलं होतं. वर, "आमची जीप दोन वर्षं चालली," असंही म्हणाले. ती जीप आता कुठं आहे ते त्यांनी सांगितलं नाही.

मिस्त्री म्हणाला, चेंबर उतरवू. मी म्हणालो, सोमवारी पहाटे निघायचंय. तो म्हणाला, मग रविवारी बसवू, पण चेंबर माजलगावहून यावं लागंल. माजलगावच्या स्पेअर पार्टवाल्याला फोन केला, जुनं चेंबर मिळालं, आणि रविवारी दुपारी ते काळी-पिवळीच्या टपावरून गोणपाटात गुंडाळून आलं. जीपवाल्यानं वीस रुपये घेतले. इकडं कुरिअर म्हणजे हेच.

जुनं चेंबर उतरवल्यावर आत बघितलं ते मी विसरणार नाही. तळाला काळ्या लोण्यासारखा थर. आणि जाळीला लाल सिलिकॉनचे तुकडे चिकटलेले. चेंबर आणि इंजिन यांच्या मध्ये कुणीतरी कधीतरी सिलिकॉनची जाडजूड वळी दिली होती. बाहेर जेवढं फुगून दिसतं तेवढंच ते आतही फुगतं, आणि आतला भाग तुटून ऑइलमध्ये पडतो, तिथून जाळीवर. घाटातला दिवा अर्धा कमी ऑइलमुळे आणि अर्धा या जाळीमुळे असेल, हा मिस्त्रीचा अंदाज होता आणि मला तो पटला. म्हणजे बघा, आटे गेले नसते तर मी नवं ऑइल टाकून, पट्टी बघून, आनंदानं आईला घेऊन घाट चढलो असतो. जाळी तशीच असती.

रविवारी संध्याकाळी सहाला चेंबर बसलं. मी म्हणालो, ओता ऑइल.

"आता नाही. रात्रभर राहू द्या."

सिलिकॉन लावल्यावर त्याला हवेतली ओल घेऊन घट्ट व्हायला वेळ लागतो. वरून साय धरते, आत ओलंच असतं. त्यावर लगेच ऑइल पडलं तर ते सांध्यातून वाट काढतं, आणि एकदा वाट पडली की ती बुजत नाही, परत सगळं उतरवावं लागतं. हे मला आज समजतं. तेव्हा मी बराच वाद घातला. पहाटे पाचला येतो, म्हणालो. आईचं ऑपरेशन आहे, म्हणालो. आवाजही चढला. तो शांतपणे हात पुसत म्हणाला, "भाऊ, मावशीला घेऊन घाटात उभं ऱ्हायचंय का?" आणि ऑइलचा कॅन दुकानात आत नेऊन ठेवला.

सोमवारी आम्ही काळी-पिवळीनं धारूरला गेलो आणि तिथून एसटीनं अंबाजोगाईला. आईला खिडकी मिळाली. ती म्हणाली, गाडीपेक्षा हे बरं, तू वळणावर बोलत तरी नाहीस. ऑपरेशन नीट झालं.

संध्याकाळी गॅरेजवर फिल्टरचं काम माझ्यासमोर झालं, ते सांगतो, कारण तिथं अजून एक सापळा आहे. फिल्टरही बोल्टासारखाच, दर वेळी कुणीतरी जास्त आवळलेला. हातानं सुटत नव्हता. मग साखळी पाना. काही जण आरपार स्क्रू ड्रायव्हर घालून फिरवतात. सुटला तर ठीक, नाही तर पत्रा फाटतो आणि धरायलाच काही उरत नाही. आमचा सुटला, पण मिस्त्रीनं लगेच फिल्टरचं तोंड बघितलं आणि परत गाडीखाली गेला. फिल्टरच्या तोंडाला जी रबरी रिंग असते ती फिल्टरबरोबर आलीच नव्हती. इंजिनालाच चिकटून बसली होती. त्यानं नखानं काढली. समजा ती तिथंच राहिली असती आणि वर नवा फिल्टर, नवी रिंग बसली असती, तर दोन रबरं एकावर एक. इंजिन सुरू होऊन दाब आला की वरची रिंग सटकते आणि सगळं ऑइल पिचकारीसारखं बाहेर. यात आटे जात नाहीत, बोल्ट तुटत नाही, सगळं नवं असतं आणि तरी इंजिन जातं. तेव्हा जुना फिल्टर निघाला की त्याच्या तोंडाला रिंग आहे का, एवढं आपणच बघायचं. नव्या रिंगला बोटानं थोडं ऑइल, फिल्टर हातानं टेकेपर्यंत, आणि पुढं पाऊण फेरा. पाना नाही.

एका श्रोत्यानं विचारलं होतं की जुन्या गाडीला इंजिन फ्लश करावं का. माझं मत, नको. चांगल्या, नियमित सर्व्हिसिंग झालेल्या इंजिनाला त्याची गरज नसते, आणि दुर्लक्ष झालेल्या इंजिनात तो वर्षांचा गाळ एकदम सोडवून जाळीवर आणून बसवू शकतो. माझ्या जाळीची हालत बघितल्यावर तर नकोच. त्यापेक्षा नवं ऑइल दोन-तीन हजार किलोमीटरवरच परत बदलावं, गाळ हळूहळू जातो. तसंच ऑइलच्या ग्रेडचं. दुकानदार म्हणतो, महाग आणि पातळ ऑइल घ्या, गाडी हलकी पळेल. गाडीच्या पुस्तकात जे दिलंय तेच घ्यावं. जुनी सील वर्षानुवर्षं कडक झालेली असतात, पातळ ऑइल त्यांच्यातून वाट शोधतं.

गिअर ऑइलही सोबत बदलणार असाल तर आधी वरचा, ऑइल भरायचा बोल्ट सुटतो का ते बघा, मगच खालचा सोडा. खालचा सोडला, ऑइल वाहून गेलं आणि वरचा गंजून बसलेला निघाला, तर गाडी तिथून हलत नाही. आणि काही छोट्या गाड्यांत गिअरबॉक्सचा बोल्ट इंजिनाच्या बोल्टाजवळच असतो. घाईत गिअर ऑइल काढून टाकायचं आणि इंजिनात वरून नवं ओतायचं, म्हणजे इंजिनात दुप्पट, गिअरबॉक्स कोरडा. हसू नका, होतं असं. टबातल्या ऑइलचा रंग आणि वास बघितला की कळतं. गिअर ऑइलला गंधकाचा उग्र वास असतो.

घरी करणाऱ्यांना एकच सांगतो: नुसत्या जॅकवर उभ्या गाडीखाली जाऊ नका. खाली स्टँड लागतो. दगड, विटा नाही.

आता पैशाचं. चेंबर, पॅकिंग, सिलिकॉन, ऑइल, फिल्टर, नवा बोल्ट, वाशर आणि मजुरी, सगळं मिळून ३,४०० रुपये झाले. मी घरून १,५०० घेऊन निघालो होतो. पार्टचे पैसे मी दिले. मजुरी त्यानं अर्धी घेतली, मी पूर्ण देत होतो, दोघांनीही थोडी ओढाताण केली आणि शेवटी अर्ध्याला थोडं वर जाऊन मिटलं. कायद्यानं बघायचं तर गॅरेजचं काम ही सेवा आहे, ग्राहक संरक्षण कायदा २०१९ तिला लागू होतो, जिल्हा आयोगात पाच लाखांपर्यंतच्या दाव्याला फीही नाही. पण बिल लागतं, आणि इथं बिल कोण मागतो. शिवाय माझ्या केसमध्ये मी आयोगापुढं काय सांगणार होतो? दोन वाशर, एक सिलिकॉन, आणि माझं सूत. सतरा वर्षांत जेवढ्या हातांनी तो बोल्ट आवळला, त्यांतला शेवटचा हात त्याचा होता आणि तोही सोडवणारा. गॅरेजवाल्याला नेहमी हेच भोगावं लागतं, की वस्तू तुटते ती ज्याच्या हातात असताना तुटते त्याची होते. चांगले मिस्त्री म्हणून जुन्या गाडीला हात लावायच्या आधी मालकाला खाली बोलावून बोल्ट दाखवतात. "हे असं आहे, सोडताना जाऊ शकतं, सोडू का?" मिस्त्रीनं विचारलं नाही, तर आपण विचारावं. डोकं गोल झालंय का, आजूबाजूला ओल आहे का, लाल किंवा काळं सिलिकॉन दिसतंय का. यांतलं एकही दिसलं तर नवा बोल्ट आणि वाशर हातात आल्याशिवाय सोडायचं नाही, आणि शनिवारी दुपारी तर नाहीच. दुसऱ्या दिवशी कुठं जायचं असेल तर त्याहून नाही.

टबातलं काळं ऑइल कुठं गेलं म्हणाल, तर शेजारचा एक जण बाटलीत घेऊन गेला, गोठ्याच्या लाकडाला वाळवी लागलीय म्हणून. आधी बैलगाडीच्या आखाला वंगण म्हणून असंच काहीबाही जायचं. खरं तर हे ऑइल घातक कचऱ्यात मोडतं, जमिनीत किंवा विहिरीजवळ ओतायचं नसतं, परवानाधारक गोळा करणाऱ्याला द्यायचं असतं. गॅरेजवाले पिंपात साठवून विकतातही. पण वाळवीचं मात्र काम करतं म्हणतात.

चेंबर बदलल्यावर मी आठवडाभर रोज रात्री गाडीखाली पुठ्ठा टाकत होतो. पुढं कोरडा. मागच्या बाजूला, इंजिन आणि गिअरबॉक्स जिथं जुळतात तिथं, चौथ्या दिवशी रुपयाएवढा डाग. मिस्त्रीला फोटो पाठवला. तो म्हणाला, क्रँकचं मागचं सील, गिअरबॉक्स उतरवावा लागंल, आता नका उघडू. पुढं क्लचचं काम निघालं की त्यातच करू, तोपर्यंत दर रविवारी पट्टी बघा. मी बघतो. आतापर्यंत पातळी वरच्या खुणेपासून केसभर खाली आहे. डिकीत एक लिटरचा कॅन ठेवलाय आणि डॅशबोर्डच्या खणात कागदात गुंडाळलेले तीन नवे वाशर. त्या पान्याला घातलेला जीआय पाइपाचा तुकडा आईनं तुळशीच्या कुंडीपाशी वेलीला आधार म्हणून रोवलाय.

पुढच्या भागात रेडिएटर. उन्हाळा आलाच आहे. भेटू.